वॉल्विस बे ते ग्रूटफोंटाइन: न वसलेल्या स्वीडिश गावाच्या वाटेनं आठ दिवस

ऑक्टोबर १८८५ मध्ये आजच्या उत्तर नामिबियात, ग्रूटफोंटाइनच्या झऱ्याभोवती, बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकरी कुटुंबांनी एक चिमुकलं प्रजासत्ताक उभं केलं आणि त्याला उपिंग्टोनिया असं नाव दिलं. त्या काळात समुद्रापासून उत्तरेतल्या ओवाम्बो लोकांच्या मुलुखापर्यंतच्या व्यापारात सर्वांत वजनदार माणूस होता अॅक्सेल विल्हेल्म एरिकसन. मूळचा स्वीडनमधल्या व्हेनर्सबोर्ग गावचा. त्याच दशकात स्वीडनमधून लोक लाखांनी अमेरिकेला चालले होते. मग त्यातली चाळीस कुटुंबं इकडं वळली असती, तर बोअरांच्या शेजारी स्वीडिश गाव वसलं असतं का?

इतिहासाच्या ‘जर-तर’वर घरबसल्या बरंच बोलता येतं. पण या प्रश्नाचं उत्तर रस्त्यावर जास्त नीट सापडतं, कारण एरिकसनचा रस्ता आजही गाडीनं जवळपास तसाच जाता येतो. जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. खाली आठ दिवसांचा बेत आहे, आणि प्रत्येक मुक्कामी त्या कल्पनेतल्या चाळीस कुटुंबांचं काय झालं असतं त्याचा हिशेब.

पहिला दिवस: विंडहुक

हा दिवस राजधानीत, तयारीचा. गाडी उंच तळाची घ्या. या मार्गावर फोर-व्हील अत्यावश्यक नाही, पण दोन स्टेपन्या मात्र हव्यातच. गाडी ताब्यात घेतानाच जॅक लावून एक चाक काढून पाहा. नटाचा पाना बसत नाही हे दीडशे किलोमीटर पुढं ओसाडीत कळून उपयोग नसतो. सोबत हवेचा पंप, प्रेशर गेज, टॉर्च आणि माणशी रोज पाच लिटर पाणी. विम्यातून टायर, काच आणि दुसऱ्या गाडीची धडक नसताना झालेली पलटी बहुधा वगळलेली असते. ते कलम वाचूनच सही करा, कारण इथले बरेचसे अपघात तसेच असतात.

वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा दर एकास एक, आणि इथं दोन्ही चालतात. शाकाहारी मंडळींनी तांदूळ, डाळ, मसाले विंडहुकमध्येच भरून घ्यावेत. पुढच्या गावांत मांस मुबलक आणि भाजी बेताची.

दुसरा दिवस: विंडहुक ते वॉल्विस बे, सुमारे ३९५ किमी

सगळा डांबरी रस्ता. ओकाहांजा, करिबिब, उसाकोस, स्वाकोपमुंड करत दुपारपर्यंत पोचता येतं. उसाकोस सोडलं की झाडं विरळ होत जातात आणि शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये फक्त करडी सपाटी उरते. गाडीची काच खाली करून पाच मिनिटं थांबा. बैल घेऊन हा पट्टा ओलांडायचा होता.

वॉल्विस बेचं बंदर चांगलं, पण गोडं पाणी नाही. ते काही किलोमीटर आतल्या सँडफोंटाइनच्या खड्ड्यांतून यायचं. चारा तर नाहीच. म्हणून बैल किनाऱ्यावर थांबवून ठेवता येत नसत. गाड्या कुइसेब नदीच्या पात्रात रूइबँकच्या बाजूला उभ्या राहायच्या, आणि जहाज दिसलं की खाली यायच्या. जहाज आठवडाभर लांबलं तर बैल खंगायचे, आणि खंगलेल्या बैलांना सर्वांत अवघड, वाळूचा टप्पा पहिल्याच दिवशी ओढायचा असायचा.

मार्च १८७८ मध्ये ब्रिटननं हे बंदर आपल्या ताब्यात घेतलं. १८८४ मध्ये जर्मनीनं दक्षिणेकडचा आंग्रा पेक्वेना आणि मग बाकीचा किनारा आपल्या संरक्षणाखाली आणला. म्हणजे उपिंग्टोनियाच्या जन्माआधीच समुद्राकडची दारं दोन मोठ्या सत्तांच्या हातात गेली होती. आपल्या स्वीडिश कुटुंबांना उतरायलाच परकी परवानगी लागली असती.

तारीखही इथंच ठरवून टाकू. प्रजासत्ताक ऑक्टोबर १८८५ चं. तिथून बैलगाडीनं पत्र किनाऱ्याला, जहाजानं केपटाऊनला, तिथून युरोपला. माणसं जमवायची, घरदार विकायचं आणि शिडाच्या जहाजावर दोन-तीन महिने काढायचे. कितीही घाई केली तरी एप्रिल १८८६ च्या आधी कुणी इथं उतरत नाही. ऋतू म्हणून एप्रिल उत्तम: पाऊस नुकता संपलेला, डबक्यांत पाणी, रानात गवत. पण त्या वर्षीचा एप्रिल का अवघड होता, ते सातव्या दिवशी.

तिसरा दिवस: वॉल्विस बे ते ओचिंबिंग्वे, मग ओमारुरू, सुमारे ३८० किमी

पहाटे निघायचं, कारण आज खडीचा रस्ता आहे. स्वाकोपमुंडवरून करिबिबपर्यंत डांबर, तिथून दक्षिणेला डी १९५३ या कच्च्या रस्त्यानं सुमारे ५५ किमी. कच्चा रस्ता लागताच टायरमधली हवा १.८ ते २ बारपर्यंत उतरवा. हवा पूर्ण असली की टायर धारदार दगडावर ताठ आदळतो आणि बाजूनं चिरतो. बाजूची चीर पंक्चरवाल्याकडं दुरुस्त होत नाही. वेग ८०च्या आत. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या असतात. त्यांवर गाडी तरंगल्यासारखी चालते आणि चालकाला वाटतं की पकड छान आहे. वळणावर ब्रेक दाबला की मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी उलटते. वेग कमी करायचा तो वळणाआधी, आणि गियरनं.

ओचिंबिंग्वे आज झोपलेलं गाव आहे. १८६७ चं चर्च आणि १८७२ चा दारूगोळ्याचा बुरूज पाहायला अर्धा तास पुरे. पण इथं जास्त थांबा, कारण स्वीडिश लोकांची या देशातली कहाणी इथंच मूळ धरते. चार्ल्स जॉन अँडरसन हा स्वीडिश शोधप्रवासी १८५० मध्ये फ्रान्सिस गाल्टनबरोबर वॉल्विस बेला उतरला. १८६० मध्ये त्यानं बंद पडलेल्या खाण कंपनीची ओचिंबिंग्वेतली मालमत्ता विकत घेतली आणि व्यापार मांडला. केपकडं नेलेल्या गुरांना फुप्फुसाच्या साथीनं गाठलं, १८६४ च्या लढाईत त्याच्या पायाचं हाड गोळीनं फुटलं, आणि १८६७ मध्ये उत्तरेत तो वारला. शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर होता विशीतला एरिकसन. अँडरसनला त्यानंच पुरलं.

त्याच सुमारास इथं ऱ्हेनिश या जर्मन मिशनचे कारागीर आले आणि लोहार एडुआर्ड हेल्बिख यांच्या देखरेखीखाली बैलगाड्यांचं काम सुरू झालं. या वाटेवर गाडी दुरुस्त होण्याची ही मुख्य जागा. त्या गाडीची रचना समजून घेतली की अर्धा प्रश्न सुटतो.

आपली गाडी दोन चाकांची, एका जोडीची. बोअर गाडी चार चाकांची, पाच-सहा मीटर लांब, वर कमानींवर ताणलेलं कापड. तिला सोळा बैल, म्हणजे आठ जोड्या. दांडा फक्त शेवटच्या जोडीला. पुढच्या सात जोड्यांची जुवं एका लांब साखळीला किंवा कच्च्या चामड्याच्या वादीला अडकवलेली. प्रत्येक जुवात दर बैलाला दोन शिवळा आणि मानेखालून चामड्याचा पट्टा. सोळाही बैल एकाच क्षणी मान लावतील तेव्हाच गाडी वाळूतून सुटते. म्हणून बोअर गाडीवान प्रत्येक बैलाला नावानं हाक मारायचा. उतारावर मागच्या चाकाखाली लोखंडी पनळ सरकवून ते चाक जाम करायचे. तिला ते रेमस्खून म्हणतात. ती न लावता उतरलं तर मागचा भार दांड्यावरच्या जोडीवर येतो. दांडा तरी मोडतो, नाहीतर त्या जोडीचे पाय.

खरी दुखरी जागा म्हणजे चाक. तुंबा, आरे, पुठ्ठे, सगळं लाकडी आणि बाहेरून लोखंडी धाव. नामिब वाळवंटाच्या कोरड्या हवेत लाकूड आटतं, लोखंड आटत नाही. आठवड्यात धाव सैल होते, मग आरे खुळखुळू लागतात, आणि एखाद्या दगडावर धाव निसटली की चाक बसतं. उपाय तीन. पाणी असेल तिथं चाक रात्रभर भिजत घालायचं, पण ते दोन दिवसच टिकतं. धाव आणि पुठ्ठ्याच्या फटीत लाकडी पाचरी ठोकायच्या, म्हणजे आठवडाभर निभावतं. किंवा धाव कापून, आखूड करून, तापवून पुन्हा चढवायची. त्याला भाता, ऐरण, कोळसा आणि हात बसलेला लोहार हवा. आपल्याकडं देशावरच्या सुताराला, लोहाराला हे सांगावं लागत नाही. स्वीडनच्या ओल्या हवेतल्या शेतकऱ्याला मात्र चाक असं आतून आटतं हेच नवीन होतं.

चौथा दिवस: ओमारुरू आणि पुढं औटियो

ओमारुरूची नदी म्हणजे वाळूचं पात्र. वरून कोरडं, खाली पाणी. गावातलं मिशन हाउस १८७२ चं आहे आणि तिथं लहान संग्रहालय आहे. बंद असलं तर नगरपालिकेत चौकशी करा.

१८७० च्या सुमारास एरिकसननं इथं ठाण मांडलं ते हेरेरो प्रमुख विल्हेल्म झेरौआच्या मुलुखात, त्याच्या संमतीनं. सुरुवातीचा भागीदार आंडर्स ओल्सन, हाही स्वीडिश, आणि पुढं केपटाऊनचा मोठा बिअर कारखानदार. इथून कापड, बंदुका, कॉफी, साखर उत्तरेला जायची, आणि हस्तिदंत, शहामृगाची पिसं, गुरं खाली यायची. एरिकसनचे भाऊही येऊन मिळाले, आणखी स्कँडिनेव्हियन माणसं कामाला लागली. स्वीडिश वसाहत म्हणता येईल असं खरोखर काही झालं असेल तर ते हेच: दुकानदार, शिकारी, गाडीवान. पण बहुतेक तरुण, एकटे पुरुष. शेतकरी कुटुंबं नव्हेत.

नदीच्या पात्रात उतरून हाताएवढा खड्डा खणून पाहा (खासगी जागा नसेल तिथं). कोरड्या ऋतूतही ओली वाळू लागते, मग तळाशी हळूहळू झिरपा जमतो. हा झिरपण्याचा वेगच सगळ्याचा मापदंड आहे. चाळीस कुटुंबं, कुटुंबाला एक गाडी, गाडीला सोळा बैल आणि चार जादा: झाले आठशे बैल. तहानलेला बैल एका वेळी चाळीस लिटर सहज पितो. म्हणजे बत्तीस हजार लिटर, तेही माणसं, घोडे, शेळ्या सोडून. एका खड्ड्यात तासाला दोनशे लिटर झिरपा धरला आणि दहा खड्डे खणले, तरी सोळा तास लागतात. तोवर मागचे बैल पाण्याचा वास येऊन हंबरतात, दोर तोडतात, खड्ड्यात घुसून कडा ढासळवतात. पाण्याचा चिखल होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा हिशेब नुसता कल्पनेतला नाही. ट्रान्सवाल या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर प्रजासत्ताकातून १८७४ पासून पश्चिमेला निघालेल्या डोर्सलँड ट्रेकर्सना, म्हणजे ‘तहानभूमी’तून गेलेल्या बोअरांना, नेमका हाच फटका बसला. हेर्ट आल्बर्ट्सची पहिली टोळी लहान होती, ती बरीचशी धडपणे पार झाली. १८७७ ची टोळी फार मोठी होती. कलहारीतल्या तुटपुंज्या झऱ्यांवर ती एकदम आदळली आणि जनावरं तहानेनं पटापट पडली. जाणत्यांचा नियम साधा होता: पाच-सहा गाड्यांपेक्षा जास्त एकत्र नको, आणि दोन तुकड्यांत दोन-तीन दिवसांचं अंतर. चाळीस गाड्यांचे आठ गट केले तर शेवटचा गट पहिल्याच्या तीन आठवडे मागं राहतो. म्हणजे परक्या मुलुखात पाच-पाच कुटुंबं एकटी.

शिवाय आठशे शिकवलेले बैल आणायचे कुठून? हेरेरोंच्या कळपांतूनच. ऑगस्ट १८८० पासून हेरेरो आणि नामा या इथल्या दोन जमातींत पुन्हा लढाई जुंपली होती. एरिकसनचा धंदाही त्यात मोडकळीला आला आणि तो उत्तरेला, दक्षिण अंगोलाकडं व्यापार हलवू लागला. आणि प्रत्येक गाडीला तीन जाणती माणसं लागतात: चाबूकवाला, पुढच्या जोडीची वादी धरून चालणारा पोऱ्या आणि जादा गुरं हाकणारा. हे काम नामा, हेरेरो, दामारा, बास्टर माणसं करायची. बोअरांच्या प्रवासाच्या कहाण्यांत त्यांची नावं क्वचित येतात, पण गाड्या हलत होत्या त्या त्यांच्या जिवावर.

ओमारुरूहून ओचिवारोंगो १३५ किमी, तिथून औटियो ७०. औटियोत टाकी पूर्ण भरा आणि संध्याकाळच्या आत पोचा. तिन्हीसांजेला कुडू हरिणं रस्त्यावर उडी घेतात आणि त्यांचं वजन थेट काचेवर येतं.

पाचवा दिवस: एटोशा

औटियोपासून सुमारे शंभर किलोमीटरवर एटोशा राष्ट्रीय उद्यानाचं दक्षिण दार. त्याचं नाव अँडरसन गेट, आणि हा आपलाच ओचिंबिंग्वेचा अँडरसन. दार सूर्योदयाला उघडतं, सूर्यास्ताला बंद. आत वेग ६० आणि गाडीतून उतरायचं नाही. आतल्या ओकौकुएयो मुक्कामाहून पूर्वेला नामुतोनीपर्यंत सुमारे १४० किमी, पाणवठ्यांची वळणं धरून १८०. पूर्ण दिवस ठेवा.

हालालीच्या अलीकडं रिटफोंटाइनचा पाणवठा लागतो. डोर्सलँड ट्रेकर्स १८७६ पासून इथं बराच काळ राहिले. पाणवठ्याजवळ योहाना आल्बर्ट्सची कबर आहे, १८४१ ते १८७६. दगडांची साधी रास, भोवती मोपानीची झुडपं, आणि पलीकडं झेब्रे पाणी पीत उभे. पस्तीस वर्षांची बाई ट्रान्सवालपासून इथवर गाडीतून आली आणि इथं राहिली. गाडी थांबवा, पण दार उघडू नका. हा सिंहांचा पाणवठा आहे.

तिच्या सोबतचे लोक पुढं काओकोतून कुनेने नदी ओलांडून जानेवारी १८८१ मध्ये अंगोलात हुंपाटाला वसले. तिथून काही जण १८८५ मध्ये परत फिरले आणि त्यांनीच उपिंग्टोनिया केलं. हुंपाटात उरलेल्यांचे वंशज, जवळपास दोन हजार माणसं, १९२८ मध्ये परत नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, आले. जवळजवळ पन्नास वर्षं पोर्तुगीज मुलुखात राहूनही त्यांची भाषा आणि चर्च टिकलं, कारण ती कुटुंबं होती, आणि आपसांत लग्नं करत होती. स्वीडिश कुटुंबं त्यांच्यात मिसळली असती तर? आम्हाला वाटतं, दुसऱ्या पिढीत स्वीडिश भाषा गेली असती. प्रार्थनेत मात्र अडलं असतं. बोअर कॅल्विनपंथी, स्वीडिश ल्युथरपंथी. लग्न लावायचं तर कुणाचा पाद्री, आणि मुलाचा बाप्तिस्मा कुणाच्या पुस्तकात लिहायचा?

बोअर हे नाव महाराष्ट्राला अगदीच परकं नाही. १९०१-०२ मध्ये बोअर युद्धकैदी अहमदनगरच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ठेवलेले होते.

मुक्काम नामुतोनी. खोली वा तंबूची जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवावी लागते.

सहावा दिवस: नामुतोनी, ओलुकोंडा, त्सुमेब

नामुतोनीचा पांढरा किल्ला सकाळच्या उन्हात पाहा. २८ जानेवारी १९०४ ला ओंडोंगा या ओवाम्बो राज्यातल्या नेहाले ल्या म्पिंगानाच्या शेकडो योद्ध्यांनी या ठाण्यावर हल्ला केला, आत सात जर्मन होते. उद्यानाच्या उत्तर दाराचं नाव आज किंग नेहाले गेट आहे. दक्षिणेचं दार स्वीडिश व्यापाऱ्याच्या नावाचं, उत्तरेचं नेहालेच्या. आपल्या प्रश्नाचा सगळा नकाशा या दोन पाट्यांमध्ये बसतो.

उत्तर दारातून बाहेर पडून ओंडांग्वाच्या दिशेनं गेलं की ओलुकोंडाचा फाटा. इथं फिनिश मिशनचं जुनं घर आणि चर्च आहे, आता नाकाम्बाले संग्रहालय. फिनिश मिशनरी १८७० मध्ये ओंडोंगात आले आणि मार्टी राउटानेन १९२६ मध्ये मरेपर्यंत इथंच राहिले. एनडोंगा भाषेत बायबल त्यांनी आणलं. बाहेरच्या दफनभूमीत त्यांच्या घरातल्या लहान मुलांच्याही कबरी आहेत. हिवतापानं उत्तरेची वसाहत कशी खाल्ली असती, हे त्या कबरींपुढं उभं राहून कळतं. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मे, इकडं आजही मलेरियाच्या गोळ्या घेऊनच यावं.

तरीही इथं उत्तर युरोपीयांची वस्ती टिकली ती हीच. फिनिश लोकांनी राजाकडं जमीन विकत मागितली नाही, राहायची परवानगी मागितली. ती दरवेळी नव्यानं टिकवावी लागायची, पण मिळायची.

परतीला बी १ रस्त्यानं दक्षिणेला या. ओशिवेलोला पशुवैद्यकीय नाका आहे, त्याला इथं ‘लाल रेघ’ म्हणतात. १८९६-९७ च्या बुळकांडीच्या साथीत आखलेली ती रेघ अजून चालू आहे. उत्तरेतून दक्षिणेला कच्चं मांस नेता येत नाही, शीतपेटी उघडून बघतात. त्सुमेबच्या अलीकडं वीसेक किलोमीटरवर ओचिकोटो तळं. १८५१ मध्ये गाल्टन आणि अँडरसन यात पोहले होते. १९१५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी यात तोफा बुडवल्या.

सातवा दिवस: ग्रूटफोंटाइन आणि होबा

त्सुमेबहून ६० किमी. शिरल्याबरोबर फरक जाणवतो: काळी-तांबडी माती, मक्याची शेतं, मोठी झाडं. ओटावी, त्सुमेब, ग्रूटफोंटाइन हा त्रिकोण देशाचं मक्याचं कोठार. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे या देशाच्या मानानं चैन. गावाच्या नावाचाच अर्थ ‘मोठा झरा’. झऱ्याभोवती आता बाग आहे. १८९६ चा जर्मन किल्ला संग्रहालय झाला आहे. शनिवार-रविवार टाळा किंवा आधी फोन करा.

ही जमीन विल्यम वर्दिंग्टन जॉर्डन या व्यापाऱ्यानं ओंडोंगाचा राजा काम्बोंडे याच्याकडून घेतली. सांगितली जाणारी किंमत: २५ बंदुका, एक ‘खारवलेला’ घोडा आणि ब्रँडीचं एक पिंप. खारवलेला घोडा म्हणजे अश्वरोगातून वाचलेला. हा रोग चिलटांमुळं पसरतो. पावसाळ्यात फुप्फुसात पाणी भरून, नाकाला फेस येऊन घोडा काही तासांत मरतो. वाचलेला घोडा बहुधा पुन्हा बळी पडत नाही, म्हणून त्याची किंमत साध्या घोड्याच्या कित्येक पट. हंगाम टाळायचा तर पहिला कडक गारठा पडेपर्यंत थांबायचं, आणि तोवर घोडे रात्री बंद गोठ्यात धुरात ठेवायचे. स्वीडनहून घोडे आणले असते तर पहिल्या पावसातच संपले असते.

पण मूळ दोष घोड्यात नव्हता. ही जमीन काम्बोंडेनं विकावी अशी नव्हती. इथं हाइओम आणि इतर सान लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, हेरेरोंचा हक्क त्यांचा प्रमुख माहारेरो सांगत होता, आणि खुद्द ओंडोंगात काम्बोंडेचा भाऊबंद नेहाले वेगळी सत्ता धरून होता. ३० जून १८८६ ला नेहालेच्या माणसांनी जॉर्डनला ठार केलं. प्रजासत्ताकानं नाव बदलून लैडेन्सरुस्ट केलं, जर्मनीकडं संरक्षण मागितलं, आणि १८८७ मध्ये ते मोडलं.

आता एप्रिलमध्ये उतरलेल्या आपल्या कुटुंबांकडं परत या. वॉल्विस बे ते इथवर साधारण ६०० किमी. बैलगाडी दिवसाला वीस किलोमीटर धरली तर तीस दिवस चालणं. त्यात वाळूत दुहेरी बैल जुंपणं, चाकं, आजारी माणसं, वासरं आणि पाण्यासाठी थांबणं धरलं तर अडीच महिने. पहिला गट ग्रूटफोंटाइनला पोचतो तो जूनच्या शेवटी, जॉर्डन पडला त्याच आठवड्यात. शेवटचा गट तेव्हा अजून ओटावीच्या अलीकडं. हातातला जमिनीचा कागद ज्यानं दिला तो मेलेला, आणि त्या कागदाला पाठबळ देणारं सरकार वर्षभरात नाहीसं.

समजा, तरी दहा कुटुंबं उरली. घर बांधायला सरळ सोट लाकूड नाही, जे आहे ते वाकडं आणि वाळवीचं भक्ष्य. ओंडक्यांची घरं बांधणाऱ्या लोकांना मातीच्या कच्च्या विटा शिकाव्या लागल्या असत्या. राय या युरोपी धान्याऐवजी मका आणि ज्वारी, पहिलं पीक हाती यायला पुढचा मार्च. तोवर शिकारीवर गुजराण, आणि शिकारही सरत आलेली. पीक आलं तरी विकायचं कुणाला? सहाशे किलोमीटर बैलगाडीनं मका नेला तर वाटेत बैल आणि माणसंच तो संपवतात. हस्तिदंत आणि पिसं मूल्यवान आणि हलकी, म्हणून ती वाहतूक परवडायची. धान्य कधीच परवडलं नसतं. आणि तिकडं अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानं १६० एकर जमीन, पुढं आगगाडी, आणि आधी गेलेल्या भावाचं तिकीट पाठवणारं पत्र. १९३० पर्यंत तेरा लाखांच्या आसपास स्वीडिश तिकडं गेले, यात नवल नाही.

मात्र हाच त्रिकोण वीस-पंचवीस वर्षांनी, आगगाडी आणि तांब्याची खाण आल्यावर, शेतीला फुलला. म्हणजे प्रश्न स्वीडिश शेतकऱ्याच्या अंगच्या गुणांचा नव्हता. तेव्हाही किंमत मोजली ती इथल्या मूळ लोकांनीच.

आणखी एक. बोअरांमध्ये स्वीडिश खरोखर मिसळले ते इथं नव्हे, ट्रान्सवालमध्ये, आणि ते शेतकरी नव्हते, बहुतेक शहरात कामधंदा करणारे. ११ डिसेंबर १८९९ ला किंबर्लीजवळच्या मागर्सफोंटाइनच्या लढाईत स्कँडिनेव्हियन तुकडीतली पन्नासेक माणसं बोअर खंदकांच्या पुढं चौकीवर होती. तिथून धडपणे परतणारे अगदी थोडे. प्रमुख योहानेस फ्लिगारे तिथंच पडला.

दुपारी होबाचा अशनी पाहून या. गावापासून वीसेक किलोमीटर, शेवटचा भाग कच्चा. लोखंड-निकेलचा सुमारे ६० टनांचा ठोकळा, १९२० मध्ये नांगराला लागून सापडला. दिवसभराचं ऊन अंगात साठवून संध्याकाळी तो हाताला गरम लागतो.

आठवा दिवस: परत विंडहुक, सुमारे ४५५ किमी

ओटावी, ओचिवारोंगो, ओकाहांजा, सगळं डांबर. निघण्यापूर्वी टायरमध्ये हवा पुन्हा पूर्ण भरा. कमी हवेवर डांबरी रस्त्यानं वेगात गेलं की टायर तापून फुटतो. गाडी परत देण्याआधी तळाचा रंग, काचेवरचे खडे आणि दोन्ही स्टेपन्या आपणच तपासून फोटो काढून ठेवा.

एरिकसन १९०१ मध्ये ग्रूटफोंटाइनजवळच्या उरुपुपाला वारला. ती जागा खासगी शेतात आहे, न विचारता जाऊ नका. पण त्याचं काही पाहायचंच असेल तर युरोपच्या पुढच्या सहलीत व्हेनर्सबोर्गला थांबा. या वाटेवर त्यानं मारलेले, सोललेले, पेंढा भरून पेट्यांतून घरी धाडलेले पक्षी तिथल्या १८९१ च्या संग्रहालयात जुन्याच लाकडी कपाटांत ठेवले आहेत. ओमारुरूच्या पात्रात सकाळी दिसतात तसलेच धनेश आणि माळढोक.